नव्वद हजारांत बसवलेला कॉम्प्युटर

दशरथ खांबे यांच्या डाव्या डोळ्याच्या आतली रक्तवाहिनी बंद पडली तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते आणि मुंबईत बस चालवण्याच्या नोकरीत त्यांची सत्तावीस वर्षं झाली होती. एका सकाळी उठले तर डाव्या बाजूला नुसतं धुकं. त्यांना वाटलं, झोप नीट झाली नसेल. मग डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली, तीन महिने औषधं झाली, पण धुकं काही हटलं नाही. एका डोळ्याने माणूस घरात वावरतो, पेपर वाचतो, रस्ताही ओलांडतो. पण समोरची रिक्षा चार फुटांवर आहे की आठ, हे ओळखायला दोन डोळे लागतात. मेडिकल बोर्डाने त्यांना गाडीवरून उतरवलं आणि डेपोत टेबलाशी बसवलं. ते काम त्यांनी दीड वर्ष केलं आणि स्वेच्छानिवृत्ती घेतली.

खांबे मूळचे संगमेश्वरकडचे. परळच्या चाळीतून ते मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आले ते आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये, म्हणून पुढचं सगळं मला जवळून पाहायला मिळालं. घरात तीनच माणसं. वासंतीवहिनी मीरा रोडमधल्या तीन ऑफिसांना दुपारचे डबे देतात. मुलगी क्षितिजा सव्वीस वर्षांची, भाईंदरच्या एका फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची. निवृत्त झाल्यावर खांबे सकाळी भाजी चिरून द्यायचे, डबे भरायचे आणि मग गॅलरीत बसून राहायचे. खाली कोणी गाडी चुकीची लावली तर ते वरून बघायचे, पण बोलायचे नाहीत. एकदा मी विचारलं, काय चाललंय? म्हणाले, "काही नाही, बसलोय." ते 'बसलोय' मला अजून आठवतं.

ऑक्टोबरातली गोष्ट. क्षितिजाने शीतल नगरच्या एका गेमिंग पार्लरसाठी जाहिरातीचा छोटा व्हिडिओ केला होता आणि तो द्यायला जायचं होतं. पप्पांचा चष्माही त्याच रस्त्यावरच्या दुकानातून आणायचा होता, म्हणून दोघं बरोबर गेली. पार्लर जितेशचं. हा मोरवा गावातला, तिशीतला, बोलण्यात गावची भाषा अजून तशीच. फाइल कॉपी व्हायला वीस मिनिटं लागणार होती. पार्लरच्या एका कोपऱ्यात खुर्चीसमोर स्टिअरिंग बसवलेलं होतं, खाली क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. जितेश म्हणाला, बसा काका, टाइमपास करा.

खांबे बसले. पडद्यावर बस होती. तिचा आरसा कुठे दिसतो, हे त्यांनी आधी विचारून घेतलं. मग गाडी डेपोत नेली आणि दोन बसच्या मधल्या जागेत मागे घेतली. एकदाच, न थांबता. बाजूला खेळणाऱ्या दोघांनी आपला खेळ थांबवला. जितेशने काउंटरवरून मान वर केली.

"काका, तुमी खरी बस चालवली हाय ना?"

"सत्तावीस वर्षं," खांबे म्हणाले. आणि पुन्हा गाडी बाहेर काढली.

फाइल कॉपी होऊन अर्धा तास झाला तरी ते उठले नाहीत. चष्म्याचं दुकान बंद झालं. परत येताना सेक्टर दोनच्या नाक्यावर ते थांबले. मग क्षितिजाला म्हणाले, "तिथे दोन डोळे लागतच नाहीत. पडदा सपाट आहे. मला जेवढं दिसतं तेवढंच सगळ्यांना दिसतं."

हे वाक्य क्षितिजाने मला नंतर सांगितलं.

तिचंही एक दुखणं होतं. तिचा लॅपटॉप सहा वर्षांचा झाला होता. चार तासांचं लग्न त्यात उघडलं की मशीन गोठायचं. स्टुडिओच्या वेळेबाहेर स्वतःच्या ऑर्डर घ्यायची तिची इच्छा होती, पण एक फिल्म तयार करून बाहेर काढायला त्या लॅपटॉपला अख्खा दिवस लागायचा. तिने पंचावन्न हजार साठवले होते आणि सव्वा लाखाचा नवा लॅपटॉप हप्त्यावर घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. खांब्यांनी तिला सांगितलं, पंधरा दिवस थांब.

ते पंधरा दिवस त्यांनी अभ्यास केला. मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघायचे, थांबवायचे, वहीत लिहायचे. इंग्रजी शब्द देवनागरीत: प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, रॅम, पॉवर सप्लाय. कुठला भाग काय करतो आणि तो कमी पडला तर काय अडतं, असे दोन रकाने. शंका आली की चालत जितेशकडे. जितेशला सुरुवातीला गंमत वाटली, मग तो गांभीर्याने उत्तरं द्यायला लागला, कारण प्रश्नच तसे होते. कार्ड भारी आणि पॉवर सप्लाय हलका घेतला तर आधी काय जळतं? रॅम कमी असेल तर काम हळू होतं की बंद पडतं? पंधराव्या दिवशी खांब्यांनी मुलीला सांगितलं की लॅपटॉपच्या निम्म्याहून थोड्या जास्त पैशांत, सुटे भाग आणून जुळवलेला कॉम्प्युटर तेवढंच काम करेल. थोडे आणखी घातले तर दुप्पट करेल. दिवसा तिचं काम, आणि ते नसेल तेव्हा त्यांची बस.

पैशांचा विषय वासंतीवहिनींकडे गेला. निवृत्तीचे पैसे त्यांनीच बँकेत ठेवले होते आणि त्यांच्या हातून एक रुपया सहज सुटत नाही, हे आमच्या मजल्यावर सर्वांना माहीत आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, पस्तीस हजारांची एक ठेव नोव्हेंबरअखेर मोकळी होतेय, ती घ्या. तिचे पंचावन्न, आपले पस्तीस. नव्वदच्या वर जायचं नाही, हप्ता नको, आणि प्रत्येक वस्तूचं पक्कं बिल. नवऱ्याने गाडीवरून उतरल्यापासून पहिल्यांदा काही मागितलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं असणार.

मग नव्वद हजारांत सगळं बसवायचा खटाटोप सुरू झाला. क्षितिजाला चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि बत्तीस जीबी रॅम हवी होती, त्याखाली एडिटिंगला अर्थ नाही असं तिचं म्हणणं. खांब्यांना स्टिअरिंग हवं होतं. नवं घेतलं तर तेच पंचवीस हजारांच्या घरात. पहिल्या यादीत स्टिअरिंग बसवलं तर कार्ड बसेना. क्षितिजा म्हणाली, मी हलकं कार्ड घेते. खांब्यांनी स्टिअरिंगवर काट मारली. ते म्हणाले, कार्ड पोट भरणार आहे, स्टिअरिंग नाही. मी कीबोर्डच्या बाणांनी चालवेन.

बापलेकीचं यावर दोन दिवस जुंपलं होतं. शेवटी काट राहिली. यादी बरोबर नव्वदला आली: प्रोसेसर सतरा, बोर्ड बारा, रॅम दहा, कार्ड सव्वीस, डिस्क सहा, पॉवर सप्लाय पाच, कॅबिनेट चार, मॉनिटर दहा. ठेव मोकळी व्हायची तेवढी वाट पाहायची होती.

त्या महिन्याभरात बाजार बदलला. जगभर एआयसाठी मोठमोठे कॉम्प्युटर उभे राहत होते आणि सगळी रॅम तिकडे चालली होती. दहा हजारांची रॅम आधी चौदा झाली, मग एकवीस. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघं लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात पोहोचली तेव्हा तीच रॅम बत्तीस हजार होती. डिस्कही सहाची नऊ झाली होती. दुकानदार म्हणाला, "अंकल, आज ले लो, कल और बढ़ेगा." खांब्यांनी वही बॅगेत ठेवली आणि दोघं रिकाम्या हातांनी घरी आली.

क्षितिजा फार खचली. तिला वाटत होतं, ऑक्टोबरातच लॅपटॉप घेतला असता तर बरं झालं असतं. आता लॅपटॉपही महागले होते. तिने पप्पांना दोष दिला नाही, पण ती जेवली नाही, आणि खांब्यांना ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ते जितेशकडे जाऊन बसले. नवी रॅम मिळत नाही तर जुन्या पिढीची चालेल का, असा त्यांचा प्रश्न होता. जितेश म्हणाला, चालेल, पण बोर्ड आणि प्रोसेसरही जुन्या पिढीचा घ्यावा लागेल. दुकानात नवी घ्यायला गेलात तर जुन्या पिढीची रॅमही आता महागच. आणि कोणीही घेऊ नका म्हणेल, कारण तिला पुढे भविष्य न्हाय.

"भविष्य राहू दे," खांबे म्हणाले. "लग्नाची फिल्म काढायला किती जास्त वेळ लागेल, ते सांग."

ते जितेशलाही ठाऊक नव्हतं. मग खांब्यांनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडलं. पार्लरमध्ये दोन्ही पिढ्यांची मशीनं होती. त्यांनी क्षितिजाला एका जुन्या लग्नाची छोटी फिल्म पेन ड्राइव्हवर घेऊन बोलावलं. पार्लर सकाळी रिकामं असतं. जितेशने एकच कार्ड आधी एका मशीनला लावलं, मग दुसऱ्याला, दोन्हीकडे रॅम बत्तीस जीबी. तीच फिल्म दोन्हीकडे बाहेर काढायची. खांबे हातावरचं घड्याळ काढून समोर बसले. नव्या मशीनला अकरा मिनिटं लागली. जुन्याला तेरा मिनिटं वीस सेकंद.

क्षितिजा त्या आकड्याकडे बघतच राहिली. तिच्या लॅपटॉपवर याच फिल्मला पावणेदोन तास लागले होते. सव्वादोन मिनिटांच्या फरकासाठी आपण रडत बसलो होतो, असं ती म्हणाली आणि तिलाच हसू आलं.

आता प्रश्न उरला तो स्वस्त रॅमचा, आणि त्याचं उत्तर वासंतीवहिनींनी आणलं. त्यांचे डबे जायचे त्यातलं एक ऑफिस बंद होऊन पुण्याला चाललं होतं. तिथला मॅनेजर जुने कॉम्प्युटर भंगारात काढायच्या बेतात होता. वहिनींनी घरी येऊन एवढंच सांगितलं की तिथे कॉम्प्युटरचे सहा डबे पडलेत, बघून या. खांबे तासाभरात तिथे पोहोचले. जुन्या पिढीचीच मशीनं, प्रत्येकात रॅमच्या आठ जीबीच्या दोन पट्ट्या. मॅनेजर सुट्ट्या पट्ट्या द्यायला तयार नव्हता, अख्खं मशीन घ्या म्हणाला, साडेसहा हजारांना एक. खांब्यांनी जितेशला फोन लावला. जितेशच्या ओळखीचा एक दुरुस्तीवाला रॅम नसलेलं मशीनही चार हजारांना घ्यायला तयार होता. म्हणजे दोन मशीनं तेरा हजारांना घ्यायची, पट्ट्या काढायच्या, सांगाडे आठ हजारांना विकायचे. बत्तीस जीबी रॅम पाच हजारांत.

कोणीही पैसे देऊन मोकळा झाला असता. खांबे झाले नाहीत. डेपोतून गाडी काढण्याआधी ब्रेक दाबून बघायची त्यांची सवय, तीच इथे कामाला आली. जितेशने रॅम तपासायचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकून दिला होता. तो लावून ते सकाळी अकरापासून त्या अर्ध्या रिकाम्या ऑफिसात बसले. मॅनेजर सारखा म्हणत होता, "अंकल, सब चालू है, ले जाओ." दुपारी वहिनींनी डबा तिथेच पाठवला. साडेतीनच्या सुमारास दुसऱ्या मशीनच्या पडद्यावर लाल ओळी यायला लागल्या. एक पट्टी खराब होती. असल्या पट्टीने कॉम्प्युटर सुरू होतो, चालतो, आणि ऐन कामात फाइल बिघडवतो. मॅनेजरला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. त्याने तिसऱ्या मशीनमधली पट्टी काढून दिली. खांब्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तीही तपासली, चारही पट्ट्यांवरचे आकडे जुळवून पाहिले, आणि मग तेरा हजार मोजून दिले, बिल घेऊन.

नवी यादी झाली. प्रोसेसर साडेदहा, बोर्ड साडेसात, रॅम पाच, कार्ड सव्वीस, डिस्क नऊ, पॉवर सप्लाय पाच, कॅबिनेट साडेतीन, मॉनिटर दहा. साडेशहात्तर हजार. पहिल्या यादीत कीबोर्ड आणि माउस लिहायचे राहूनच गेले होते, ते दीड हजारांत बसले. तरी बारा हजार उरले.

या वेळी लॅमिंग्टन रोडवरून पाच पिशव्या आल्या. दुकानदाराने विचारलं होतं, "बच्चे के लिए बना रहे हो, अंकल?" खांबे म्हणाले, "आधा मेरे लिए."

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून त्यांनी जुळणी सुरू केली. दुकानात पाचशे रुपयांत जोडून देत होते, ते त्यांनी नाकारलं होतं. क्षितिजा मोबाइलचा टॉर्च धरून उभी, कारण बारीक स्क्रूची भोकं एका डोळ्याने सापडायला वेळ लागतो. मलाही बोलावलं होतं. प्रोसेसर त्यांनी दोन बोटांत कडेने धरून बोर्डात ठेवला. चार पट्ट्या टक् टक् करत बसल्या. दीड वाजता शेवटची वायर लागली आणि त्यांनी बटण दाबलं.

पंखे फिरले. आत दिवा लागला. मॉनिटर काळाच.

दोनदा बंद करून चालू केला, तरी काळाच. क्षितिजाचा चेहरा उतरला. वासंतीवहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. खांब्यांनी जितेशला फोन करू दिला नाही. ते खुर्चीवर बसले, वही उघडली आणि मॉनिटरपासून उलट्या दिशेने निघाले. मॉनिटरला वीज आहे. केबल घट्ट आहे. केबलचं दुसरं टोक कुठे जातं? ते उठून कॅबिनेटच्या मागे वाकले. केबल बोर्डाला लावलेली होती, आणि त्यांनी घेतलेल्या प्रोसेसरला स्वतःहून चित्र दाखवता येत नाही, हे त्यांनीच वहीत लिहिलं होतं. त्यांनी केबल उपटली आणि चार इंच खाली, ग्राफिक्स कार्डाला लावली.

पडदा उजळला. एका कोपऱ्यात आकडा आला: बत्तीस जीबी. क्षितिजाने पप्पांना मिठी मारली आणि त्या भरात टॉर्च लावलेला मोबाइल खाली पडला. वहिनी आत गेल्या आणि सगळ्यांसाठी शिरा टाकला.

त्याच आठवड्यात क्षितिजाने स्वतःची पहिली ऑर्डर घेतली, वसईचं एक लग्न. चार दिवसांत फिल्म दिली. नवरीच्या बहिणीने आणखी दोन घरं जोडून दिली. फेब्रुवारीत तिने स्टुडिओ सोडला. मालकाने पगार वाढवायची तयारी दाखवली होती, तिने आभार मानून नाही म्हटलं. मार्चमध्ये तिच्या हातात पगाराच्या दीडपट पैसे आले आणि तिने आईला सांगितलं की ठेवीचे पस्तीस दिवाळीपर्यंत परत करते. वहिनी म्हणाल्या, ते कर्ज नव्हतं.

उरलेल्या बारा हजारांचं स्टिअरिंग क्षितिजानेच शोधलं. नया नगरमधल्या एका माणसाने सहा महिने वापरलेलं, पेडलसकट, अकरा हजारांना. हजार रुपये खांब्यांनी वहिनींच्या हातावर ठेवले. नव्वदचे एकोणनव्वद झाले, याचा वहिनींना जेवढा आनंद झाला तेवढा मी त्यांना कशाचा होताना पाहिला नव्हता.

आता त्यांना गॅलरीत बसायला वेळ नसतो. बिल्डिंगमधल्या कोणालाही कॉम्प्युटर घ्यायचा असला की तो आधी खांब्यांकडे जातो. ते त्याला समोर बसवून विचारतात, दिवसभर काय करता? कुठला प्रोग्रॅम? किती पैसे जमलेत? शोभेच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांचे हजार रुपये ते पहिल्यांदा कापतात. आतापर्यंत सात कॉम्प्युटर त्यांनी असे बसवून दिले, त्यातला सातवा माझा. मला त्यांनी ग्राफिक्स कार्डच घेऊ दिलं नाही. तुम्ही पत्रं लिहिता आणि जुनी गाणी ऐकता, म्हणाले, वीस हजार बँकेत राहू द्या. जितेशही आता अवघड गिऱ्हाईक त्यांच्याकडे पाठवतो आणि स्वतःच्या पार्लरची नवी चार मशीनं त्याने त्यांच्याकडूनच आखून घेतली.

मागच्या रविवारी डब्यांना सुट्टी होती. वासंतीवहिनींनी खांब्यांना बस चालवताना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. खांब्यांचा रूट शहराच्या दुसऱ्या टोकाला, वहिनींच्या कामाच्या वेळा वेगळ्या, तसा योगच आला नाही. त्या दिवशी दुपारी त्या खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. मी वर्तमानपत्र द्यायला गेलो होतो, तो तिथेच थांबलो.

खांब्यांनी डोंगरातला रस्ता घेतला होता. पडद्यावर वळणं येत होती, दरी येत होती, समोरून ट्रक येत होते. वहिनी पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या नवऱ्याच्या पायांकडे बघत होत्या, ब्रेकवर पाय कसा हळूच टेकतो आणि उचलला जातो त्याकडे, आणि स्टिअरिंगवर हात कसे सरकतात त्याकडे. घाट उतरून गाडी स्टॉपला लागली, दार उघडलं, माणसं चढली. खांब्यांनी डावा आरसा पाहण्यासाठी मान थोडी जास्त वळवली.

"असंच चालवायचात?" वहिनींनी विचारलं.

"असंच."

त्या पहिल्यांदा पडद्याकडे, चढलेल्या माणसांकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "लोक झोपून जात असतील गाडीत."

खांबे हसले. एवढे मोकळे हसले की आतल्या खोलीतून क्षितिजा बघायला आली. मग त्यांनी दार बंद केलं, आरसा पाहिला आणि गाडी काढली.